नऊ मिनिटांचा कॉल

संपादकांनी फोन करून सांगितलं, "तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा." गमती आहेत, आधी त्याच सांगते. तेवढ्यासाठीच वाचत असाल, तर पुढे अंक मिटलात तरी माझी तक्रार नाही.

मी सुरतेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते. ज्यांनी कधी ट्रंक कॉल लावलेला नाही त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगते. एका गावाहून दुसऱ्या गावी बोलायचं असलं, की आधी आम्हाला फोन करून कॉल नोंदवायचा. आम्ही एक कागदी तिकीट लिहायचो: कोण बोलणार, कुठल्या नंबरवर, किती वाजता. साधा कॉल असला तर माणसाची दुपार वाट बघण्यात जायची, अर्जंट असला तर जरा लवकर लागायचा, आणि लायटनिंग म्हणजे सगळ्यांना बाजूला सारून आधी. पी.पी. नावाचा एक प्रकार होता. त्यात अमुकच माणूस फोनवर आला तर कॉल धरायचा. मग तिकिटावर त्या माणसाचंही नाव लिहायचं. समोर उभा बोर्ड, त्यात शेकडो भोकं, हातात दोऱ्या. दिवा लागला की दोरी खुपसायची, खालचा खटका पुढे ढकलला की आपण लाईनवर, मागे ओढला की बाहेर. दर तीन मिनिटांनी आत शिरून विचारायचं, "त्रण मिनिट थई, चालु राखुं?" ते हो म्हणाले की बाहेर यायचं. तिकिटाच्या खालच्या कोपऱ्यात आपला नंबर टाकायचा. माझा नंबर एकवीस. शालिनी हे नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं.

हिऱ्याच्या धंद्यातले एक काका मुलगा मुंबईला गेला की संध्याकाळी घरी बसून राहायचे. मुलगा मुंबईहून पी.पी. कॉल लावायचा, "मगनलालला बोलवा." काका सांगायचे, "मगनलाल बहार गया छे." कॉल रद्द, कॉलचे पैसे वाचले. त्या घरात मगनलाल नावाचा कुणी नव्हता. मगनलालला विचारलं म्हणजे मुलगा सुखरूप पोचला. हे सगळ्या बोर्डाला माहीत होतं. एकदा काका घाईत म्हणाले, "हा बेन, मगनलाल बहार गया, भगवाननी दया." मला हसू आवरेना, मग तेही हसले. पुढे दर वेळी मला विचारायचे, "बेन, तमे केम छो?" मला असं विचारणारे त्या काळात दोघं-तिघंच होते.

एक बाई रविवारी सकाळी धरणगावला कॉल लावायची. पलीकडे तिची आई यायची आणि दोघी रडायच्या. तीन मिनिटं नुसतं रडणं. मी आत शिरून विचारायची, "वाढवू का?" ती नाक ओढत म्हणायची, "नको, झालं बोलून." मी हसत नसे. मी धुळ्याची. बाबांच्या बदलीबरोबर सुरतेला आले आणि इथेच राहिले. बाबा गेले, नंतर आई गेली. लग्नाचं जमलं नाही, का जमलं नाही हा इथला विषय नाही. खात्याने घरी फोन दिला होता. दिवसभरात मी तीनशे माणसांशी बोलायची आणि घरी आल्यावर तो फोन कधीही वाजत नसे. कधी कधी चालू आहे ना, हे बघायला उचलून कानाला लावायची. घर्र आवाज यायचा. बरं वाटायचं.

चौऱ्याण्णव सालच्या प्लेगच्या दिवसांत बोर्ड वेड्यासारखा पेटला होता. माणसं स्टेशनाकडे धावत होती आणि निघण्याआधी गावी कळवत होती. निम्मा स्टाफ पळाला. मी कुठे जाणार? मी राहिले. पंधरा दिवस तोंडाला रुमाल बांधून दोरी खुपसत होते. त्या पंधरा दिवसांचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

आमच्या धंद्याचा सगळ्यात मोठा नियम, जो पहिल्या दिवशी शपथेवर सांगितला जातो: ऐकायचं नाही. कानावर पडलं तर विसरायचं. लोक विचारतात, खरंच ऐकत नव्हतात? खरं सांगते. बहुतेक वेळा नव्हतो. पाच दोऱ्या लागलेल्या असताना कोण कुणाचं ऐकणार? पण दर तीन मिनिटांनी आत शिरावंच लागायचं. आणि त्यात माझी एक खोड होती. बाकीच्या मुली धाडकन बोलायच्या, "त्रण मिनिट!" मला ते जमत नसे. आईने लहानपणी शिकवलेलं, दोन माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. म्हणून मी खटका पुढे ढकलून वाक्य संपायची वाट बघायची. वाक्य संपलं की हळू विचारायची. गिऱ्हाइकं म्हणायची, एकवीस नंबरच्या बेन फार विवेकी, म्हणजे सभ्य. सुपरवायझर देसाईसाहेब नव्या मुलींना माझं उदाहरण द्यायचे. त्या सभ्यपणामुळेच मी अडकले.

प्लेगनंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एसटीडीचे बूथ गल्लोगल्ली झाले होते, आमच्या बोर्डावरची गर्दी ओसरत चालली होती. पण लहान गावांतून अजून डायल फिरवून शहरात लागत नसे. बारडोलीच्या पलीकडे एका गावात एक सरकारी विश्रामगृह होतं. तिथला कॉल गावच्या ऑपरेटरमार्फत आमच्याकडे यायचा. दुपारी चारच्या सुमाराला माझा दिवा लागला. गावचा ऑपरेटर घाबऱ्या आवाजात म्हणाला, "बेन, लायटनिंग. मंत्रीसाहेब पोते." स्वतः मंत्री. त्यांना शहरातल्या एका पोलीस चौकीतले इन्स्पेक्टर हवे होते. दुसरं कुणी चालणार नव्हतं, म्हणून पी.पी. मी तिकीट लिहिलं. मंत्र्यांचा हुद्दा, विश्रामगृह, चौकीचा नंबर, इन्स्पेक्टरांचं नाव, वेळ. कॉल जोडला आणि बाहेर आले.

तीन मिनिटं झाली. खटका पुढे ढकलला आणि सवयीप्रमाणे थांबले. मंत्र्यांचा आवाज होता, जेवण झाल्यानंतरचा, सावकाश.

"एना हाथ हजु चाले छे ने? तो पछी बोलतो केम नथी?"

त्याचे हात अजून चालतात ना? मग बोलत का नाही?

वाक्य संपलं. मी म्हटलं, "त्रण मिनिट थई साहेब, चालु राखुं?" ते म्हणाले, "राखो." मी बाहेर आले. कुणाचे हात? कुणाबद्दल हे चाललंय? पुढची तीन मिनिटं मी घड्याळाकडे बघत काढली. सहाव्या मिनिटाला आत शिरले. पुन्हा वाक्य संपायची वाट बघितली.

"दवाखाने न मोकलता. कागळ थाय छे. सांज सुधीमां मने नाम जोईए."

दवाखान्यात पाठवू नका, कागद होतो. संध्याकाळपर्यंत मला नाव हवंय. मी पुन्हा विचारलं, ते पुन्हा "राखो" म्हणाले.

आता एक नियम सांगते. गर्दीच्या वेळी कुठलाही कॉल नऊ मिनिटांवर चालू द्यायचा नाही. मंत्र्यांना हा नियम कुणी लावत नसे. नवव्या मिनिटाला मी आत शिरले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच वाक्य संपायची वाट बघितली नाही. "नव मिनिट थई साहेब. लाईन आपवी पडशे." लाईन आता दुसऱ्याला द्यावी लागेल. ते म्हणाले, "अरे बेन, हजु वात बाकी छे." मी दोरी ओढली. दिवा विझला. तिकिटावर नऊ मिनिटं लिहिली आणि खाली एकवीस.

त्यांच्या पी.ए.ची तक्रार आली. देसाईसाहेबांना वरून बोलणं बसलं, त्यांनी मला हळू आवाजात झापलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं, पण मनातून मी खूश होते. निदान दोरी तरी ओढली, असं मला वाटलं. पुढची कितीतरी वर्षं मी तेवढ्यावर जगले.

चार दिवसांनी पेपरात बातमी आली. पर्वत पाटियाजवळ साड्यांच्या एका गोडाऊनला आग लागली होती. गोडाऊन मंत्र्यांच्या व्याह्यांचं. त्यांच्याच लूमवर काम करणारा हिरामण नावाचा खानदेशी कामगार गोडाऊनमागच्या खोलीत राहायचा. महिन्यापूर्वी पगारवाढ मागायला गेलेल्या चौघांत तो होता. पोलिसांनी त्याला उचललं आणि तीन दिवस चौकीत ठेवलं. आग कुणाच्या सांगण्यावरून लावली, ते नाव सांग. नाव नव्हतंच, सांगणार काय? मनगटांना दोर बांधून त्याला टांगून ठेवलं होतं. आग विजेच्या तारेने लागल्याचं नंतर निघालं. हिरामण सुटला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांची बोटं मिटत नव्हती. लूमवर तुटलेल्या धाग्याला गाठ मारावी लागते, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. ती गाठ आता त्याला येणार नव्हती.

ती बातमी मी उभ्या उभ्या वाचली. बाजूच्या खुर्चीवरची मुलगी म्हणाली, "शालिनीबेन, पाणी हवंय का?" मी म्हटलं, "नको." तिला सांगू शकत होते. सांगितलं नाही. अशा गोष्टी आमच्या बोर्डावर बोलायच्या नसतात.

कामगारांनी लूम बंद ठेवल्या, मोर्चे निघाले. इन्स्पेक्टर निलंबित झाले. मंत्री म्हणाले, "मलाही हे पेपरातूनच कळलं." सरकारने एका निवृत्त न्यायाधीशांची चौकशी समिती नेमली. प्रश्न एवढाच होता: हे पोलिसांनी आपल्या मनाने केलं, की वरून सांगितलं गेलं? कामगारांच्या वकिलांना कुणीतरी अक्कल दिली आणि त्यांनी चौकीच्या नंबरवर त्या तीन दिवसांत आलेल्या ट्रंक कॉलची तिकिटं मागवली. तिकिटं दिवसावार सुतळीने बांधून ठेवलेली असत. त्यांत माझं तिकीट सापडलं, माझ्या अक्षरातलं. पेपरातूनच कळलं म्हणणाऱ्यांनी त्या दुपारी चौकीत नऊ मिनिटं फोन केला होता. मंत्र्यांचे वकील लगेच म्हणाले, केला होता; साहेबांच्या दौऱ्याच्या बंदोबस्तासाठी. आता त्या नऊ मिनिटांत काय बोलणं झालं हे सांगणारं तिसरं माणूस जगात एकच होतं. मला समन्स आलं.

आदल्या दिवशी देसाईसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दरवाजा लोटला, चहा मागवला. वाईट माणूस नव्हता. आई गेली तेव्हा स्मशानात शेवटपर्यंत थांबलेले तेच एक.

"बेन, तिकिटावर आहे तेवढंच सांगायचं."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"आपण ऐकत नाही."

"साहेब, मी..."

"मला सांगू नका," ते घाईने म्हणाले. "मला कळलं तर मलाही जावं लागेल तिथे. तुम्ही ऐकलं म्हणालात तर शपथ मोडली म्हणून नोकरी जाईल, पेन्शन जाईल. ते सोडा. उद्या शहरात कोण आपल्या बोर्डावर विश्वास ठेवेल? वीस वर्षं तुम्हीच मुलींना शिकवलंत ना?"

धमकी दिली असती तर कदाचित मी चिडून उठले असते. त्यांनी माझा अभिमानच माझ्यापुढे ठेवला. चहा पिऊन मी बाहेर आले.

समिती एका जुन्या सरकारी इमारतीत बसायची. साक्षीदारांना एकेक करून आत घेत, बाकीच्यांनी बाहेरच्या बाकावर थांबायचं, म्हणजे एकाची साक्ष दुसऱ्याच्या कानावर पडू नये. आत हिरामणची साक्ष चालली होती. बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर पितळी डबा. थोड्या वेळाने तिने विचारलं, "ताई, तुम्हीन कोठला?"

"धुळ्याची."

तिचा चेहरा उजळला. "मंग तुम्हीन आमनाच शेतस." ती अमळनेरकडची, सुमनबाई. हिरामणची बायको. डबा उघडून तिने मला शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी दिली. आई गेल्यापासून मला कुणी खानदेशी भाकरी दिली नव्हती. "त्यासले मीच चारस," ती म्हणाली, "घास धरता येत नही ना." मग विचारलं, "तुम्हीन का येल शेतस?"

"ऑफिसचं काम आहे," मी म्हटलं. घास गिळताना मला लाज वाटत होती आणि भाकरी मात्र गोड लागत होती. मी ती पूर्ण खाल्ली.

माझं नाव पुकारलं. दुसऱ्या दाराने हिरामणला बाहेर नेलं होतं, मला तो दिसला नाही. न्यायाधीश म्हातारे होते, शांत. तिकीट दाखवलं. अक्षर माझं, नंबर माझा, वेळ बरोबर. मंत्र्यांचे वकील तर मला बहीण मानत असल्यासारखे गोड बोलत होते. "बेनची इतक्या वर्षांची निष्कलंक नोकरी आहे, साहेब."

मग न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "तुम्ही दर तीन मिनिटांनी लाईनवर जाता?"

"हो साहेब. मिनिटं सांगायला."

"त्या वेळी दोघांचं बोलणं तुमच्या कानावर पडलं का?"

डोक्यावर पंखा कुरकुरत होता. मला ते वाक्य त्या आवाजासकट ऐकू येत होतं. उत्तर जिभेवर आलं होतं, हे मी आज शपथेवर सांगते. पण मग मला रिकामं घर दिसलं, न वाजणारा फोन दिसला, आणि उद्यापासून बोर्डही नाही. मला दुसरं काहीच नव्हतं हो. तेवढी एक खुर्ची होती.

"नाही साहेब. आम्ही ऐकत नाही."

न्यायाधीशांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग कारकुनाला म्हणाले, "लिहून घ्या." बाहेर आले तेव्हा सुमनबाई डबा बांधत होती. "झायं का काम?" तिने विचारलं. मी मान हलवली. ती म्हणाली, "कधी भेस्तानले या. तठे खोली लेल शे आम्हीन." खोलीची खूणसुद्धा सांगितली.

अहवाल आला. पेपरात जेवढा छापला तेवढाच मी वाचला. दूरध्वनीवर बोलणं झालं हे सिद्ध होतं, काय बोलणं झालं ते सिद्ध होत नाही. इन्स्पेक्टर दोषी. मंत्र्यांना पुढच्या फेरबदलात दुसरं खातं मिळालं, आधीपेक्षा मोठं. त्यांनी कुणाला हातही लावला नव्हता, हे खरंच होतं. मीही कुणाला हात लावला नव्हता. देसाईसाहेबांनीही नाही. सगळे आपापल्या जागी नियमाने वागले होते आणि एका माणसाची बोटं मिटत नव्हती.

कामावर कुणी मला काही म्हणालं नाही. उलट माझी वाहवा झाली. मीच माणसांतून उठले. मुली डबा खायला बोलवायच्या, मी काहीतरी निमित्त काढायची. मगनलालवाल्या काकांनी विचारलं, "बेन, तमे केम छो?" तेव्हा मी म्हटलं, "लाईन आपुं छुं." त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. आणि मी वाक्य संपायची वाट बघणंही सोडलं. इतरांसारखीच धाडकन बोलू लागले.

दशक संपता संपता बोर्ड बंद झाला. गावोगाव डायल फिरू लागला होता, आमची गरज संपली. निरोपाच्या कार्यक्रमात माझ्या हातात शाल दिली आणि एक साहेब भाषणात म्हणाले, "समितीपुढेसुद्धा ज्यांनी खात्याची शपथ राखली अशा आपल्या शालिनीबेन." टाळ्या वाजल्या. ती शाल मी रिक्षातच विसरले. मुद्दाम विसरले म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भेस्तानला गेले. खूण लक्षात होती, पिंपळाजवळची तिसरी चाळ. सुमनबाई दारात साड्यांवर टिकल्या चिकटवत बसली होती. तिने मला लगेच ओळखलं. "ताई! या, या. बठा. चहा ठेवस." हिरामण आत खाटेवर होता. एका बिल्डिंगवर वॉचमनचं काम करून नुकताच आला होता. माझ्याच वयाचा असेल, केस मात्र पांढरे. हात मांडीवर, बोटं अर्धी उघडी.

मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते. म्हटलं, "मी त्या दिवशी ऑफिसच्या कामाला आले नव्हते. मी टेलिफोनवाली. तो कॉल मी जोडला होता."

हिरामणने मान वर केली. मग म्हणाला, "तुमचा आवाज ऐकलाय मी."

मला समजेना. तो सांगू लागला. माझ्याशी बोलताना तो शाळेतली मराठी वापरायचा प्रयत्न करत होता. चौकीतला फोन मोठ्याने बोलायचा, त्याच खोलीत होता. मंत्र्यांचा आवाज लांबून यायचा, तो नुसता गुणगुणल्यासारखा. पण मध्येच एका बाईचा स्वच्छ आवाज यायचा. "त्रण मिनिट थई, चालु राखुं?"

"मला खाली उतरवलं होतं फोन आला म्हणून," तो म्हणाला. "इन्स्पेक्टरसाहेब फोनवर होते ना. तीन दिवसांत तेवढाच वेळ कुणी हात लावला नाही मला. तुम्ही विचारलं, चालू ठेवू का. मी मनात म्हटलं, ठेवा बाई, ठेवा. दुसऱ्यांदा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं. मग तिसऱ्यांदा तुम्ही आलात आणि फोन बंद झाला."

माझ्या आयुष्यातलं एकमेव धाडस म्हणजे ती ओढलेली दोरी. ती ओढल्यावर तिकडे काय सुरू झालं असेल, हा विचार इतक्या वर्षांत मला एकदाही शिवला नव्हता.

"मी मुद्दाम तोडला कॉल," मी म्हटलं. "राग आला म्हणून तोडला. मंत्र्यांना आणखी बोलायचं होतं. चालू ठेवता आला असता."

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुम्हाला काय माहीत." रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. मी खाली बसले आणि रडले. सुमनबाईने चहा पुढे केला.

चहा झाल्यावर मी त्याला दोन्ही वाक्यं सांगितली, जशीच्या तशी. पहिलं वाक्य ऐकताच तो ताठ झाला. "यावर इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले होते, 'हा साहेब, चाले छे. पण नाम बोलतो नथी.'" मी दुसरं सांगितलं. तो म्हणाला, "'ना साहेब, दवाखाने नथी मोकल्यो. सांज सुधीमां थई जशे.'" आम्ही पुन्हा एकदा पहिल्यापासून म्हटलं. मंत्र्यांचं मी, इन्स्पेक्टरचं तो. प्रश्नाला उत्तर बरोबर बसत होतं, कुठे फट नव्हती. सुमनबाईच्या हातातली टिकली तशीच राहिली होती.

"इन्स्पेक्टरसाहेबांचं बोलणं मी समितीत सांगितलं होतं," हिरामण म्हणाला. "सगळं सांगितलं. वकील म्हणाले, आरोपीने रचलेलं आहे, समोरून काय विचारलं हे कुणाला ठाऊक." मग तो त्याच्या घरच्या बोलीत शिरला, बहुधा बायकोसाठी. "निम्मं मी सांगं व्हतं. निम्मं या ताईजोडे व्हतं."

तो आत साक्ष देत होता तेव्हा मी बाहेर बाकावर त्याच्या डब्यातली भाकरी खात होते. मध्ये एक बंद दार होतं. त्याने आपलं निम्मं त्या टेबलावर ठेवलं होतं, आणि पाठोपाठ मी आत जाऊन माझं निम्मं परत घेऊन आले होते. कमी पडलं होतं ते एवढंच.

सुमनबाईने विचारलं, "मंग आते हाई कोणले सांगशात, ताई?"

आता हे कुणाला सांगणार? समिती संपली होती, न्यायाधीश वारले होते, इन्स्पेक्टर पुन्हा कामावर रुजू झाले होते. मी उठले. निघताना हिरामणने हात जोडायला उचलले, ते नीट जुळले नाहीत. मीच ते दोन्ही हातांत धरले. कुणाचा हात हातात घेऊन मला किती वर्षं झाली होती, ते आठवेना.

सुमनबाईच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे लिहिलं. गमतीजमतींच्या जागी हे छापायचं की नाही, ते संपादकांनी ठरवावं. माझी नोकरी संपली आहे, पेन्शन थांबवायची तर खुशाल थांबवा. त्या दिवशी मला जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर मी आज देते आहे. विचारणारे आता नाहीत, तरी त्यांनाच देते.

हो साहेब. ऐकलं होतं.